गयाकाकू आणि इरानची बोलणी

"झालं का त्यांचं?"

सकाळी दुकानाचं शटर वर करून मी उदबत्ती लावतो न लावतो तोच पाठीमागून हा प्रश्न यायचा. परभणीत वसमत रोडला आमच्या कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, कुणाचं तरी बाळंतपण अडलंय, नाहीतर कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. तो बिचारा चेहरा पाडून विचारायचा, "कुणाचं हो काकू?"

"इरान-अमेरिकेचं."

मग तो माझ्याकडं बघायचा आणि मी गोळ्यांच्या खोक्यांकडं बघायचो.

गयाकाकू म्हणजे माझ्या मालकीणबाई. माझं मेडिकल ज्या गाळ्यात आहे तो गाळा, मागचं घर आणि वरच्या दोन खोल्या त्यांच्या. माहेर पिंगळीचं. अंगानं काटक, वय सत्तरीच्या पुढं, पण आवाज अजून एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायचा. त्यांचे यजमान इथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. दोन मुलं, एक पुण्याला, एक संभाजीनगरला. दोघं चांगली आहेत, फोन करतात, दिवाळीला येतात. म्हणजे काकूंना कुणी नव्हतं म्हणून त्या जगाच्या उठाठेवी करायच्या, असं समजू नका. उठाठेव हा त्यांचा धंदाच होता. त्या सोयरिकी जमवायच्या. फुकट, आणि न सांगता.

दुकानातल्या स्टुलावर बसून त्या पेपर वाचायच्या. पहिलं पान उलटून टाकायचं. आतल्या कुठल्यातरी पानावर, जाहिरातीच्या खाली, चार बोटं बातमी असायची: अणुकार्यक्रमावर चर्चेची आणखी एक फेरी. ती काकू बोट ठेवून वाचायच्या आणि चिडायच्या. "एवढी मोठी बैठक अन् बातमी केवढी! अन् त्या क्रिकेटवाल्याच्या लग्नाला अर्धं पान!"

एकदा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी आला होता. टाय लावलेला, घाम पुसत उभा. काकूंनी त्याला बसायला जागा दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमाला काय वाटतंय, इरान वाकंल का?"

तो गडबडला. म्हणाला, "मॅडम, मी फक्त ॲसिडिटी बघतो."

"बघा, बघा," काकू म्हणाल्या, "त्यांच्या पोटातबी तेच हाय."

काकूंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळं पेपरातले काही शब्द माझ्याकडून त्या सोडवून घ्यायच्या. एकदा 'युरेनियमचे समृद्धीकरण' यावर गाडी अडली.

"समृद्ध म्हंजी श्रीमंत ना? मग युरेनियमला श्रीमंत कसं करतेत?"

मी माझ्या परीनं सांगितलं. काकू, काढा कसा आटवता तुम्ही? पाणी जातं, जोर वाढतो. तसंच धरा. थोडा आटवला तर वीज होते, लई आटवला तर बाँब होतो.

त्यांनी बातमीवरचं बोट उचललं. "म्हंजी भांडण एवढंच हाय का, की काढा किती आटवायचा?"

"एवढंच."

"अन् त्याच्यासाठी इतकी वरसं बसलेत?" मग स्वतःच म्हणाल्या, "न्हाई, बराबर हाय. सोयरिकीत सुदिक भांडण एवढंसंच असतंय. दोन घरं बसलेली असतेत त्याच्यावर."

सोयरिकीचा हिशेब त्यांनी त्या चर्चेला एकदा लावला आणि मग सगळं त्यांना उलगडत गेलं. अमेरिका म्हणजे नवरदेवाचा चुलता. "लग्न त्याचं न्हाई, पर रुसनार तोच." युरोपातले देश म्हणजे जेवायला वेळेवर येणारे पाहुणे. काही शेजारी असे की ज्यांना सोयरीक जमलेली बघवतच नाही, ते मांडवाच्या बाहेर उभे राहून आत खडे टाकतात. आणि इराणची बाजू घ्यायच्या म्हणावं, तर तेही नाही. "त्यो बी काय साधा न्हाई. तपासायला आलेल्या मानसाला एक खोली दाखवतो अन् दुसऱ्या खोलीला कुलूप. कुलूप दिसलं की शक येनारच. आपुन सुदिक पाव्हण्याला फुटका रांजण दाखवत न्हाई, पर तो पडद्याआड ठिवावा, कुलपात ठिवू ने."

सगळ्यांत लाडका देश ओमान. दोघांना एकाच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि ओमानच्या माणसानं मधून निरोप न्यायचे, अशी बोलणी चालल्याचं मी वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी मांडीवर थाप मारली. "हे तर माजंच बघून केलंय!"

त्यात तथ्य होतं. पालमच्या एका बैठकीला मी स्वतः हजर होतो, मुलाकडचे माझ्या ओळखीचे म्हणून. सगळं ठरलं होतं आणि बुंदी की जिलेबी यावर फिसकटलं. नवरदेवाचा मामा ताडकन उठला. "उठा रे! न्हाई करायचं हितं!" मंडळी तरातरा दारापर्यंत गेली आणि थांबली. एकाचीही चप्पल जागेवर नव्हती. काकूंनी बैठक सुरू झाल्या झाल्या सगळ्या चपला पोत्यात भरून मागच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या होत्या. आता पालमच्या उन्हात, त्या तापलेल्या फरशीवर, अनवाणी रुसून जाणार कोण? मंडळी चपला शोधत राहिली. काकूही त्यांच्याबरोबर "गेल्या कुटं बाई!" म्हणत शोधत राहिल्या. मग मुलाकडच्यांना ओसरीत, मुलीकडच्यांना मारुतीच्या देवळात बसवून त्यांनी मधल्या रस्त्यावर अशा काही फेऱ्या घातल्या, की दिवस कलायच्या आत साखरपुड्याची तारीख निघाली. बुंदीही झाली, जिलेबीही झाली.

येताना एसटीत त्या मला म्हणाल्या, "राग म्हंजी काय असतो सुधाकर? चपला सापडेस्तोवर टिकत न्हाई. फकस्त मानसाला बैठकीतून उठू द्यायचं न्हाई. उठला की मेलं."

इराणची व्हिएन्नातली बोलणी लांबली की त्या कळवळून म्हणायच्या, "तितं बूट काढीत न्हाईत ना. तीच अडचन हाय."

सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला असतो तसा हा एक छंद. कुणाला मालिका, कुणाला भजन, काकूंना इराण. यामागं काही कारण असेल हे डोक्यात आलं नाही. ते कळलं, ज्या दिवशी करार झाला त्या दिवशी. मी टीव्हीवर बघून सांगितलं आणि काकू गुपचूप उठून गेल्या. परत आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. कॉलनीत घराघरात पेढे वाटले. लोक विचारायचे, "पोराला बढती मिळाली का?" काकू म्हणायच्या, "न्हाई, इरानचं जमलं." आमच्यासमोरचे निवृत्त तलाठी होते, ते तसे फटकळ. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पण काकू, त्यात आपलं काय?"

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. म्हणाल्या, "माजी लेक हाय तितं."

तलाठी पेढा गिळायचे विसरले. मीही. दुकान बंद करून त्या दिवशी मी काकूंच्या ओट्यावर बसलो आणि ती सगळी हकीकत ऐकली.

माझं दुकान यायच्या पुष्कळ आधी त्यांच्या वरच्या खोल्यांत एक इराणी जोडपं भाड्यानं राहत होतं. बेहरूज आणि मरियम. बेहरूज विद्यापीठात शिकायला आलेला, खारवट जमिनीवर काय पिकतं याचा अभ्यास करायचा. काकूंचे यजमान त्याला घेऊन आले. गाव त्यांचं काशान. गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध. मरियम तेव्हा विशीची, दिवस गेलेले, आणि भाषा एकही येत नाही. दिवसभर नवरा विद्यापीठात. ही वर एकटी, खिडकीशी बसून रडायची.

काकू चहा घेऊन वर गेल्या. बोलायचं काय? काकू मराठी बोलल्या, ती फारसी बोलली, कुणालाच काही कळलं नाही. मग काकूंनी चहाला हात लावून म्हटलं, "गरम हाय." मरियमनं मान वर केली. "गर्म?" म्हणाली. काकूंनी पडदा सारला, म्हटलं, "पडदा." ती म्हणाली, "पर्दे!" आणि दोघी खोलीभर फिरत सुटल्या. शक्कर, नमक, प्याज, अनार, गुलाब, ताजा, नरम, कम, ज्यादा. आमच्या आज्या-पणज्या निजामाच्या राज्यात वाढल्या. त्या राज्यानं आमच्यासाठी बाकी काय ठेवलं ते राहू द्या, पण जिभेवर ठेवलेले हे शब्द त्या दिवशी उपयोगाला आले. पुढं मरियम मराठी शिकली. तीही काकूंची. "लय गरम व्हायलंय" असं ती काशानच्या हेलात म्हणायची तेव्हा आळीतल्या बायका तिला पुन्हा म्हणायला लावायच्या.

बाळंतपण इथंच झालं, परभणीत. काकूंनी ते आईच्या हक्कानं केलं. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू. बाळाला पायावर घेऊन तेल लावताना ते किंचाळायचं आणि मरियम दाराआडून त्याच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळायची. तिला वाटायचं, ही बाई मूल मोडणार. मुलगी झाली होती. शिरीन. काकूंनी पाळणा बांधून बारसं केलं, कानात नाव सांगितलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की नावाचा अर्थ गोड असा आहे, तर आमी तिला शिरी म्हननार.

"पयलं बाळंतपन मायेरी होतंय," काकू मला म्हणाल्या. "हिचं हितं झालं. मग हे तिचं मायेर झालं का न्हाई? मला दोनी पोरंच. लेक न्हवती. ती अशी वरच्या खोलीत आली."

शिरीन चालायला लागली तेव्हा बेहरूजचा अभ्यास संपला. ते निघाले तेव्हा काकू स्टेशनवर गेल्या नाहीत. म्हणाल्या, लेकीला वाटे लावायला आई वेशीपर्यंतच जाते. म्हणून वसमत रोडच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या.

त्यानंतर वर्षाकाठी नवरोजला फोन यायचा. पुढं मोबाईल आले, फोटो यायला लागले. आणि एक दिवस काकूंनी पेपरात वाचलं, की काशानपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, डोंगराच्या पोटात, तो काढा आटवायची भट्टी आहे, आणि ती बंद झाली नाही तर तिथं बाँब टाकू असं कुणीकुणी म्हणायलंय. तेव्हापासून त्यांचं वाचन सुरू झालं होतं.

करारानंतरची वर्षं चांगली गेली. निर्बंध सैल झाले. मरियम फोनवर आनंदात असायची. आणि मग बातमी आली, शिरीनचं लग्न ठरलं. मरियमनं हुकूमच सोडला. "काकू, तू यायचंस. न्हाई मनू नको."

काकूंनी खरोखर पासपोर्ट काढला. पोलिस पडताळणीला जो शिपाई घरी आला, त्याला त्यांनी चहा दिला आणि उलट त्याचीच पडताळणी केली. गाव कोणतं, शेती किती, लग्न झालं का. झालं नव्हतं. दोन महिन्यांत त्याचं लग्न जमवून टाकलं. पासपोर्ट येईतो त्याची हळदही लागली. मुलांनी तिकिटाची तयारी दाखवली. कॉलनीतल्या बायकांनी विमानात काय खावं, कुठं जावं, याच्यावर सल्ले दिले. त्यांतली एकही कधी विमानात बसलेली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात पूर्ण्याला त्यांच्या पुतणीच्या मुलीची सोयरीक अडली. दोन्ही घरचे काकूंशिवाय बसायला तयार नाहीत. पुतणी येऊन पाया पडली, "तुमी गेलात तर मोडतंय बघा."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही जा. ह्यांचं ह्यांना बघू द्या."

त्या म्हणाल्या, "आरं, शिरीचं लगीन काय, लागतंच हाय. तितं मी नुसती जाऊन बसनार. हितं माजी जबान गुतलेली हाय. अन् करार झालाय की आता. कवाबी जाता यील. तिच्या डोहाळजेवणालाच जाते."

मरियमला तसं कळवलं. ती फोनवर गप्प झाली, मग म्हणाली, "बरं. डोहाळ्याला."

काकू पूर्ण्याला गेल्या. सोयरीक जमवली. ती पुढं महिन्याभरात मोडली, कशावरून ते आता आठवतही नाही.

आणि त्यानंतर करारही मोडला. अमेरिकेचं सरकार बदललं आणि नव्या माणसानं सांगितलं, आमी ह्यात न्हाई. मी पेपर काकूंच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. "सही केलेली होती ना?" म्हणाल्या.

"होती."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग सही म्हंजी काय असतंय सुधाकर?"

काही दिवस त्या दुकानात आल्या नाहीत. त्या काळात कॉलनीतल्या एका मुलीची बैठक होती, तिथंही गेल्या नाहीत. म्हणाल्या, कोणत्या तोंडानं सांगू लोकांना, की ठरलेलं पाळा.

निर्बंध पुन्हा लागले. पैसा पाठवता येईना, माल येईना. शिरीनला मुलगा झाला, त्याचे फोटो आले. डोहाळजेवणाला जाणं राहिलंच. पुढं वर्षभरानं मरियमचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. फार भ्यायचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतायत, ती म्हणाली, रोज एक गोळी घ्यायची, ती घेतली की माणूस वर्षानुवर्षं जगतं. पण गोळी मिळत नाही. कधी मिळते, कधी महिना महिना नाही.

काकूंनी गोळीचं नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "ही तुज्याकडं मिळती का?"

मी म्हटलं, "मागवली की दोन दिवसांत येते. आपल्याकडंच बनते."

त्यांचा चेहरा उजळला. "मग झालं की! धाड उद्या."

औषधांवर बंदी नाही, असं कागदावर लिहिलेलं असतं. ते मी वाचलेलं होतं. मरियमनं फोटो काढून पाठवलेली चिठ्ठी इथल्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी लिहून दिली, गोळ्या आल्या. कुरिअरवाल्याकडं गेलो. त्यानं देशाचं नाव ऐकलं आणि पाकीट असं मागं सरकवलं, जणू त्यात युरेनियमच आहे. दुसऱ्यानं नांदेडला विचारतो म्हटलं, तिसऱ्यानं मुंबईला. सगळ्यांचं उत्तर एकच. बंदी नाही, पण आम्ही घेत नाही. ते पाकीट माझ्या काउंटरवर होतं. काकू समोर बसून त्याच्याकडं बघत होत्या.

शेवटी वाट काढली ती नजीरभाईंनी. ते आमच्या शेजारी टायरचं दुकान चालवतात. त्यांचे साडू हैदराबादला, आणि तिथून लोक इराणला मशहद-कोमच्या जियारतीला जातात. नजीरभाई म्हणाले, "काकू, चिंता मत करो. दवा जियारत करके जाएगी." चिठ्ठीसकट पाकीट हैदराबादला गेलं, तिथून एका यात्रेकरूच्या बॅगेतून कोमला, आणि तिथं बेहरूज स्वतः येऊन घेऊन गेला. मरियमचा फोन आला तेव्हा काकूंनी नजीरभाईंना पुरणपोळ्या करून घातल्या.

असं आम्ही काही वेळा केलं. यात्रेकरू मिळाला की गोळी जायची, नाही मिळाला की नाही. करोनात तर जियारतच बंद पडली. गोळी रोज घ्यायची असते, यात्रा रोज नसते. मधल्या काळात मरियम फोटोत बारीक बारीक होत गेली. काकू मला विचारायच्या, "एवढ्यानं भागंल ना?" मी म्हणायचो, भागंल. मी औषधवाला माणूस. माझ्यासारखा दुसरा कुणी असं म्हणाला असता तर मी त्याला झापलं असतं.

आणि मग बोलणी पुन्हा सुरू झाली. पुन्हा ओमान, पुन्हा दोन खोल्या, पुन्हा मधून निरोप. काकूंना पालवी फुटली. सकाळी शटरच्या आधी त्या पायरीवर बसलेल्या असायच्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी. "उटले न्हाईत ना? मग जमतंय बघ." पुढच्या बैठकीची तारीख ठरली. मी कॅलेंडरवर तो दिवस दाखवला. काकूंनी पासपोर्ट काढून आणला, त्याची मुदत संपत आली होती. "किती दिवसांत नवा मिळतो रे?" असं विचारत होत्या.

त्या तारखेच्या आधीच बाँब घेऊन विमानं आली.

मी सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्या आल्या, पण नेहमीचा प्रश्न नव्हता. त्यांना कळलं होतं. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "तारीख ठरलेली होती ना?"

"होती."

"बैठकीची तारीख ठरलेली असताना?" एवढंच म्हणाल्या, आणि ते त्यांनी मला विचारलेलं नव्हतं.

मी फोन लावत राहिलो. लागेना. तिकडं इंटरनेटच बंद होतं. पाठवलेल्या निरोपापुढं एकच बारीक खूण, दुसरी येईचना. टीव्हीवर नकाशा दाखवायचे, त्यावर लाल ठिपके. काकू नकाशा बघायच्या नाहीत. नजीरभाई दिवसातून दोनदा येऊन विचारून जायचे. तलाठी, जे म्हणाले होते त्यात आपलं काय, ते काठी टेकत येऊन काकूंच्या शेजारी बसून राहायचे.

मग भडिमार थांबला. त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, गिऱ्हाईक नसताना, माझ्या फोनवर शिरीनचा निरोप आला. इंग्रजीत होता. आम्ही सगळे गाव सोडून उत्तरेला मावशीकडे गेलो होतो, सुखरूप आहोत, घरही सुखरूप आहे. आई प्रवासात फार थकली. तिथं पोचल्यावर चौथ्या दिवशी झोपेतच गेली. परभणीला कळवा, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

मी मागच्या दारानं काकूंच्या घरात गेलो. त्या भेटायला आलेल्या एका चुलत सुनेबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सांगितलं. शेंगा फोडणारे हात थांबले नाहीत. फोडता फोडताच त्यांनी विचारलं, "बाँबनं?"

"नाही. आजारानं."

"गोळ्या मिळाल्या असत्या तर?"

"सांगता येत नाही काकू," मी म्हणालो. आणि ते खरं आहे. रोज मिळाली असती तर बहुतेक जगली असती, हेही खरं आहे. तेवढं मी बोललो नाही. त्यांना ते कळलं असावं.

इराणात चाळिसाव्या दिवसाचा विधी असतो, नजीरभाईंनी सांगितलं. त्या दिवशी काकूंनी काही खाल्लं नाही. संध्याकाळी शिरीनचा व्हिडिओ फोन आला. मी फोन काउंटरवर काचेच्या बरणीला टेकवून ठेवला आणि काकूंना समोर बसवलं.

काळ्या कपड्यात एक तिशीतली बाई. हुबेहूब मरियम, काकू नंतर म्हणाल्या. दोघी नुसत्या बघत राहिल्या. मरियमच्या मागं त्या घरात मराठी येणारं कुणी उरलं नव्हतं, बेहरूजला कामापुरतीही कधी आली नाही. शिरीनला फारसी आणि थोडं इंग्रजी. काकूंना इंग्रजी नाही. माझं इंग्रजी औषधाच्या खोक्यावरचं. मी दुभाष्याचं काम करायला घसा साफ केला, तेवढ्यात शिरीनच बोलली. सावकाश, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं.

"जेव... लीस का?"

काकू दचकल्या. शिरीन मला इंग्रजीत म्हणाली, आई परभणीला फोन लावला की पहिलं हेच म्हणायची. मराठीत नमस्कार असाच करतात ना? मला एवढंच येतं.

"जेवले माय," काकू म्हणाल्या. "पोटभर जेवले."

शिरीननं मान हलवली. तिला कळलं नव्हतं. तिकडं तिच्या मुलानं मागून काहीतरी विचारलं, तिनं त्याला जवळ घेतलं. आता पुढं काय बोलावं हे तिला सुचेना, म्हणून जे होतं तेच तिनं पुन्हा म्हटलं.

"जेवलीस का?"

काकूंनी फोन दोन्ही हातांत उचलून जवळ घेतला. "तुज्या लग्नाला याया पाह्यजे होतं ग मी," म्हणाल्या. "पासपोर्ट हातात होता. मला वाटलं, करार झालाय, आता काय घाई हाय. तुजी माय फोनवर गप बसली तवाच मला कळाया पाह्यजे होतं."

शिरीन लक्ष देऊन ऐकत होती. डोळे भरले होते तिचे. काकूंचं बोलणं संपलं असं वाटल्यावर तिनं डोळे पुसले आणि परत विचारलं, "जेवलीस का?"

आणि काकू पुढचं सांगायला लागल्या. मी दुकानाबाहेर जाऊन पायरीवर उभा राहिलो. एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं, त्याला म्हटलं, जरा थांबा, आत बोलणी चाललीत.